कोमट पाण्यातला बाप्पा

चक्रीवादळांचा हंगाम संपत आला की अटलांटिक शांत होतो, असं माझा मुलगा मला समजावून गेला होता. म्हणूनच तो नोव्हेंबरात तीन मित्रांबरोबर शिडाच्या बोटीतून कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला निघाला. मी नॉटिंगहॅममध्ये बसून फोनवरच्या नकाशात त्याच्या बोटीचा हिरवा ठिपका बघत होते. दहाव्या दिवशी नेमकं त्याच्या वाटेवर एक उशिराचं वादळ तयार झालं आणि बघता बघता बाळसं धरू लागलं. त्याच संध्याकाळी ठिपका हलायचा थांबला. ना मेसेज, ना काही.

देवाशी माझं नातं तसं भांडणाचंच. तरी मी तडक देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलला आणि पाणी भरलेल्या पातेल्यात ठेवला. माझी आई तसंच करायची, संकट टळेपर्यंत देव पाण्यात. "पोरगा सुखरूप पोचल्याशिवाय बाहेर काढणार नाही," असं मी त्याला बजावलं. पण आमच्या नळाचं पाणी असं गार की बोटं बधिर होतात. मलाच त्याची दया आली आणि दर दोन तासांनी किटलीतलं गरम पाणी ओतून मी ते कोमट ठेवू लागले. धमकीही माझी आणि लाडही माझेच!

दुसऱ्या दिवशी सकाळी देवधरकाका धीर द्यायला आले. इथल्या मराठी मंडळातले हे काका आयुष्यभर मर्चंट नेव्हीत होते. चहा घेताना त्यांचं लक्ष पातेल्याकडे गेलं.

"अगं, वाफ येतेय यातून! वॉर्म वॉटर हेच तर स्टॉर्मचं फ्यूएल. समुद्र थंड लागला की त्याचा जोर जातो. आणि तू इथे टॉप-अप करतेयस?"

"काका, थट्टा नका ना करू!"

थट्टाच होती ती, पण माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी पातेलं घेऊन सिंककडे धावले, सगळं पाणी ओतून टाकलं, नळ सोडला आणि तिथेच रडू कोसळलं. मी देवाला अटी घातल्या होत्या, वर आता पाणी गार की गरम हेही मीच ठरवत होते. अटलांटिक काय माझ्या किटलीवर चालतो? मी नळ बंद केला. गणपतीला टॉवेलने कोरडं पुसून देव्हाऱ्यात ठेवलं आणि म्हटलं, "तुझं तू बघ बाबा. मला काही कळत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच मी काही न मागता हात जोडले.

दुपारी फोन वाजला. त्याचाच आवाज! मी ओरडलेच.

"आई, आम्ही ओके आहोत. सॅटेलाइट फोन बंद पडला होता, आत्ता चालू झाला. स्टॉर्मचं आम्हाला माहीतच नव्हतं! एक मोठं कार्गो शिप दिसलं, त्याचा कॅप्टन रेडिओवर म्हणाला, साउथला वळा, लगेच. आता सगळं क्लिअर आहे." मग तो म्हणाला, "तू आजीसारखं बाप्पाला पाण्यात ठेवलंस ना? बाहेर काढ त्याला."

"सकाळीच काढला रे."

"सकाळी? आम्ही पण सकाळीच वळलो."

तेव्हापासून मी त्या अनोळखी कॅप्टनसाठी रोज एक फूल जास्त वाहते. वादळ उत्तरेच्या थंड पाण्यावर विरत गेलं आणि आठवड्याभराने त्याचा उरलासुरला पाऊस आमच्या अंगणात पडला. मी छत्री न घेता बाहेर जाऊन उभी राहिले, नखशिखांत भिजले आणि हसत सुटले.

गणपती तेवढा देव्हाऱ्यात कोरडा होता.