फाट्यावरचे आठ सेकंद

"गाडीनं उचल घेतली नाही." आमच्या घरात हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलं, की पुढं पुढं मला गाडीपेक्षा त्या वाक्याचाच राग यायला लागला.

पहिल्यांदा ते बोलले माझे मालक, नगरच्या दवाखान्यात पडल्या पडल्या. मांडीचं हाड मोडलं होतं. आमच्या वस्तीवरचं आणि आजूबाजूच्या गोठ्यांचं दूध पिकअपमध्ये घालून हे रोज दोन वेळा हायवेपलीकडच्या शीतकरण केंद्रावर नेत. त्या दिवशी शेजारी माझे सासरे, आबा, बसलेले होते. फाट्यावर रस्ता ओलांडताना वळणातून ट्रक आला आणि गाडीच्या मागच्या अंगाला धडकला. आबांना खरचटलंसुद्धा नाही. कसं झालं म्हणून जो तो विचारी आणि हे भिंतीकडं बघून तेवढंच सांगत, गाडीनं उचल घेतली नाही. आबा खाटेच्या पायाशी मान खाली घालून बसलेले असत. पाय दाबूनही गाडीनं वेग धरला नाही, हे आम्ही सगळ्यांनी खरं मानलं.

गाईला काही हाड मोडल्याचं कळत नाही. तिची धार दोन वेळा काढावीच लागते आणि दूध केंद्रावर पोचवावंच लागतं. मी पुणतांब्याकडची, पाटपाण्यातली. माहेरी उसाच्या रानात लग्नाआधीपासून ट्रॅक्टर चालवलेला. म्हटलं, पिकअप म्हणजे काय, दोन चाकं पुढं, दोन मागं. लायसन काढलं आणि स्टेअरिंगवर बसले. वस्तीवरच्या बायकांनी आधी तोंडाला पदर लावला, मग आठवडाभरात कॅन उचलून द्यायला लागल्या.

पण गाडी मला मिळाली ती पहिली राहिली नव्हती. दुरुस्तीला गेली तेव्हा आबांनी तिला लोखंडानं मढवून आणली. पुढं जाडजूड बंपर, मागं रेल्वेच्या फाटकासारखा गार्ड, दोन्ही बाजूंना अँगल, वर कॅरिअर. पुन्हा कुणी ठोकलं तर माणूस वाचला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकणारच. मलाही तेव्हा ते पटलं.

आमचा फाटा आहे मोठा नामी. गावाकडून येणारा रस्ता चढ चढून हायवेला लागतो. डावीकडं लगेच वळण. निघताना रस्ता मोकळा दिसतो आणि चाक हललं की वळणातून कंटेनर उगवतो. दुसरा रस्ता लांबच्या वळशाचा, उन्हाळ्यात तेवढ्यात दूध नासायला लागतं. एक दिवस असाच कंटेनर माझ्यावर आला. त्यानं ब्रेक मारला, हॉर्न मारला, तोंडानंही काय काय मारलं. मी पलीकडं पोचले तेव्हा दोन कॅन आडवे झाले होते. दुधाचा ओघळ केंद्रापर्यंत गेला, त्यामागून बातमी घरी गेली.

आबा ओट्यावर उभेच होते. "उद्यापासनं गाडीला हात लावायचा न्हाई. गाडी इकून टाकू. दूध दुसरा कुनीतरी नेईल."

"दुसऱ्याला काय वेगळा फाटा हाय का?" मी म्हटलं.

"त्यो त्याचं बघंल. मला घरातलं आनिक एक मानूस तिथं जायबंदी करायचं न्हाई."

राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. त्या गाडीनं मला वस्तीबाहेर काढलं होतं. दुधाच्या वेळेला बायका माझी वाट बघत होत्या, नवऱ्याची नव्हे. गाडी गेली तर मी पुन्हा शेणात. मी म्हटलं, "यात्रेपर्यंत थांबा. तोवर गाडीला उचल घ्यायला लावून दाखवते. नाही जमलं तर तुम्हीच गिऱ्हाईक आणा." आबा आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर जाऊन नुसती उभी राहिले. वळणातून ट्रक दिसल्यापासून फाट्यावर येईपर्यंत आठ सेकंद लागत. मग माझी गाडी भरलेल्या कॅनांसकट चढावरून पलीकडं जायला किती लागतात ते मोजलं. नऊ. म्हणजे रोज दोन वेळा मी एक सेकंद देवाच्या भरवशावर जगत होते. देवाला माझ्यापेक्षा मोठी कामं आहेत.

भिंगारच्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "ताई, कंप्युटर जोडतो, इंजिनाची सेटिंगच बदलून देतो. घोड्यासारखी उधळंल." कंपनीची हमी जाणार होती, आणि मला उधळणारी गाडी नको होती, दुधाची होती. म्हटलं, कंपनीनं दिलीय तशीच ठेव आणि काय काय तिचा गळा धरतंय तेवढं बघ. एअर फिल्टर काढला तर त्यात भुसा आणि धूळ गच्च. मागच्या एका चाकाचा ब्रेक धरून बसलेला, गाडी चालतानाही सुटत नव्हता. टायरांत हवा कमी. एवढं करूनही भरल्या गाडीला साडेआठ लागत होते. मग माझी नजर लोखंडावर गेली.

आबांना सांगितलं तर ते कधी नव्हे ते ओरडले. "लोखंड काढलं आन् मागनं कुनी ठोकलं तर?"

"नाकापेक्षा मोती जड झालाय, आबा. या ओझ्यानंच ठोकून घ्यायची पाळी आलीय. मला ठोकायच्या आत पलीकडं जायचंय."

"तुला काय म्हाईत त्या दिशी काय झालं ते."

"गाडीनं उचल घेतली नाही. ऐकून ऐकून कान किटले."

आबा उठले. मग उपरणं झटकून मळ्याकडं निघून गेले. मी वेल्डिंगवाल्याला बोलावून सगळं लोखंड उतरवलं. मागचा गार्ड खाली ठेवताना दोन गडी वाकले. तो आता गोठ्याला फाटक म्हणून लावलाय, गाई त्याला अंग घासतात. आबा माझ्याशी बोलेनासे झाले. चहा दिला की कपाकडं बघून घेत.

सराव करायचा कुठं? गावाच्या यात्रेत बैलगाडे पळतात तो घाट वर्षभर मोकळाच असतो आणि चांगला चढाचा. हायवेची रुंदी पावलांनी मोजून मी घाटात तेवढ्या अंतरावर चुन्याच्या रेघा ओढल्या. कॅनांत पाणी भरलं. हे काठी टेकत आले, दगडावर बसले आणि मोबाईलवर सेकंद लावायला लागले. काही केलं तरी आठच्या खाली येईना. मी दार आपटलं, गाडीला नाही नाही ते बोलले.

"गाडीला शिव्या घालू नको," हे हळूच म्हणाले.

"का? तुमचं हाड कुणी मोडलं?"

हे मोबाईल पुसत बसले.

तोवर घाटाच्या बांधावर रिकामटेकडे जमले होतेच. ज्यांच्या दावणीला शर्यतीचा बैल, त्यांना दुपारी दुसरं काम नसतं. एक जण शर्यतीतली धाव विचारावी तसा म्हणाला, "वहिनी, बारी कितीत बसली?" दुसरा म्हणाला, "भंडारा आनू का उधळायला?" मी म्हटलं, "आणा की. माझी गाडी तुमच्या बैलांसारखी निम्म्यातून घरी पळत नाही." ते हसले, पण माझं डोकं सणकलं होतं. त्या रागात मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, पाय दाबला आणि गिअर बदलायचं विसरूनच गेले. इंजिन नुसतं किंचाळत होतं. रेघ ओलांडून थांबले तर हे काठी न घेता उभे राहिलेले. "साडेसहा," म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्रॅक्टरवर शिकलेली मी. माहेरी इंजिन ओरडलं की वडिलांची शिवी बसायची, म्हणून इंजिनाला कधी ओरडू द्यायचंच नाही ही सवय हाडात मुरलेली. निघायचं दुसऱ्यात, लगेच टाकायचा तिसरा. फाट्यावर बरोबर रस्त्याच्या मधोमध मी गिअर बदलत होते आणि तिथंच गाडीचा दम जात होता. पहिल्यात निघायचं, ओरडू द्यायचं आणि पलीकडची पांढरी रेघ जाईपर्यंत गिअरच्या दांडीला हात लावायचा नाही. एवढंच ते. मग रोज दुपारी तेच केलं, हात आपोआप दांडीवर जायचा थांबेपर्यंत. फाट्याच्या अलीकडं गाडी आधीच रोखून थांबायचं, खडीवर नाही, घट्ट जागेवर, हेही कळलं. कॅन मागच्या चाकांवर रचले की चाक जागच्या जागी फिरत नाही, हेही.

यात्रेच्या अलीकडं एका सकाळी कॅन भरून निघाले तर आबा न विचारता शेजारी येऊन बसले. अपघातानंतर ते त्या गाडीत बसले नव्हते. फाटा आला. चढावर गाडी थांबवून मी म्हटलं, "आबा, एकदाच सांगते. मी निघाले की निघाले. मधे कुणी काही म्हणालं तरी पाय उचलणार नाही."

त्यांनी मान हलवली. मग उपरण्याचं टोक घेतलं, गोळा करून तोंडात घातलं आणि दातांत घट्ट धरलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला भीतीनं मळमळतंय.

रस्ता मोकळा होता. निघाले. चाकं रस्त्यावर चढली आणि वळणातून कंटेनर उगवला. आबांचा हात डॅशबोर्डवर आदळला, घशातून आवाज फुटला, पण कापडात अडकला. इंजिन किंचाळत होतं. पांढरी रेघ गेली, मागची चाकंही गेली, मग मी दुसरा टाकला. आरशात बघितलं तेव्हा कंटेनर फाट्यावर अजून यायचा होता.

पुढं कडेला गाडी घेतली. आबांनी तोंडातून उपरणं काढलं. टोक ओलं झालेलं.

"त्या दिशी मी थांब म्हनलो हुतो," ते म्हणाले. "ट्रक दिसला आन् तोंडातनं गेलं. मधीच. पोरानं ऐकलं, पाय उचलला. ल्हानपनापासनं ऐकतंयच."

मला इतका राग आला की त्यांना तिथंच उतरवावं असं वाटलं. एवढं लोखंड, एवढा घाट, मोबाईल धरून दगडावर बसलेला नवरा, आणि सगळं माहीत असून दोघंही गप्प. गाडीवर खापर फोडून बाप वाचवला होता. मग उपरण्याचं ते ओलं टोक दिसलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी गाडी चालू केली, दूध पोचवलं आणि रिकामे कॅन घेऊन आम्ही परत आलो. येताना फाट्यावर त्यांनी पुन्हा उपरणं दातांत धरलं.

अंगणात हे काठी टेकून उभे होते. "घेतली का उचल?" त्यांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत आबा गाडीतून उतरले. त्यांनी लेकाच्या हातातली काठी सरळ करून दिली आणि म्हणाले, "गाडीनं त्या दिशीबी उचल घेतली हुती."