दुर्बिणीच्या खोक्याचं वंगण

५ मार्च १९७८, रविवार. वाशीमच्या आमच्या गच्चीवर दुर्बिणीचा लाकडी खोका, म्हणजे ती ज्यात बसवून फिरवायची ते बूड, दुरुस्त करायचा होता. दुर्बीण माझ्या यजमानांनी स्वतः बनवलेली. त्यांची नजर आता जाणार, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी त्यांना शनीची कडी एकदा पाहायची होती. पण नुसतं बोट लागलं तरी खोका गर्रकन फिरायचा आणि शनी निसटायचा.

त्यांनी खोक्याच्या बुडाला बैलबंडीचं वंगण भरपूर चोपडलं होतं.

"बंडीले वंगण लागते, तं हिले काहून नाही?"

"तुमची बंडी आभाळभर पळून राह्यली," मी म्हटलं.

मी सगळं वंगण रॉकेलनं पुसलं आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीचे तुकडे खाली बसवले. आता खोका ढकलला की हलायचा, सोडला की थांबायचा. दिवेलागणीनंतर शनी सापडला. मला कडी स्वच्छ दिसली. मग त्यांना हात धरून आणलं.

बराच वेळ ते डोळा लावून होते. "अजून हलून राह्यलं का वं? मले निस्ता अंधार दिसते."

"नाही. शनी जागेवर हाय."

"मंग मलेच उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीचं पाणी तापवलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि वस्तरा माझ्या हातात घेतला.