मनिलेचा मंत्र

पडदा वर जातो तेव्हा समोर गोदावरीचा घाट. भरदुपारचा उजेड राखेसारखा झालाय. सूर्याला ग्रहण लागलंय. गेवराईकडची माणसं कमरेइतक्या पाण्यात हात जोडून उभी. काठावर दुखरा पाय लांब करून बसलाय उत्तरेश्वर, एके काळचा सर्कशीतला घोडेस्वार.

निजामाच्या मुलखातून पळून जाऊन तो सर्कशीत शिरला होता. कंपनी बोटीनं पार फिलिपिन्सातल्या मनिलेला गेली; तिथं तेव्हा स्पॅनिश चाले. तिथं रामोन नावाचा घोडे शिकवणारा भेटला. घोड्यांना पाणी दाखवलं की दोघं गवताच्या भाऱ्यावर बसत नि स्पॅनिशमध्ये घरच्या गोष्टी करत. पुढं घोड्यावरून पडून उत्तरेश्वराचा पाय मोडला, तो गावी परतला. बायको मंजुळाबाई होती, शेजारपाजार होता; त्या भाषेत बोलायला मात्र कुणी नव्हतं.

एकदा बाजारात जहागीरदाराची घोडी बिथरली. उत्तरेश्वर तिच्या कानाशी लागून स्पॅनिशमध्ये काहीबाही पुटपुटला, घोडी शांत! झालं. दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. कुणाला विंचवाचा उतारा हवा, कुणाला आटलेल्या म्हशीचा.

"अरे, मंत्र न्हाई, बोली हाय ही. मानसं बोलतेत तिकडं."

"गुरू असंच म्हनतो," पट्टशिष्य शहादेव डोळा मारायचा.

उत्तरेश्वरानं हार मानली नि येईल त्याला स्पॅनिश वाक्यं शिकवू लागला. शिकवत राहिलं तर यातला एखादा तरी कधी त्या भाषेत उत्तर देईल, एवढीच आशा. मनिला-मंत्राचं नाव आष्टीपर्यंत गेलं. पण मंत्राचा अर्थ विचारायचा नसतो. अर्थ फुटला की बळ जातं. तो प्रश्न विचारी, शिष्य डोळे मिटून तोच प्रश्न परत म्हणत. उत्तर कुणाचंच नाही. वर्षामागून वर्षं गेली. गळा थकला, मन त्याहून थकलं.

आज ग्रहणात मंत्र सिद्ध करायचे होते. शहादेव खणखणीत आवाजात जपत होता, "दोंदे एस्ता एल आग्वा? दोंदे एस्ता एल आग्वा?"

उत्तरेश्वराला राहवलं नाही. "आरं लेका, कमरेपत्तुर पान्यात हुबा हाईस, अन् पानी कुठं हाय म्हनून कशापायी इचारतोस रं?"

नाटकात इथं हशा पडला असता. घाटावर मात्र जप थांबला, मिटलेले डोळे उघडले.

"अर्थ फोडलात, मास्तर!" शहादेव रडवेला झाला. "आता इंचू कशानं उतरवू मी? वाटुळं केलंत!"

एकेक जण ओल्या धोतरानं निघून गेला. पाया कुणी पडलं नाही.

ग्रहण सुटलं. मंजुळाबाई नदीत बुडी मारून शेजारी येऊन टेकली. बायकांना मंत्र द्यायचा नाही म्हणून शिष्यांनी तिला कधी जवळ बसू दिलं नव्हतं.

"आता त्यो मंत्र ऱ्हायला न्हाई, म्हंजी बाईमानसानं बोललं तर चालतंय नव्हं?" ती म्हणाली. "जेवलात का, हे तिकडं कसं इचारतेत?"

त्यानं सांगितलं. तिनं ओठातल्या ओठात घोळवलं, पदर सावरला आणि त्याच्याकडं तोंड करून विचारलं, "आस कोमीदो?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उत्तरेश्वराला कुणीतरी त्या भाषेत खरंच काही विचारलं होतं. उत्तर त्याला ठाऊक होतं. त्या भाषेतून ते आणायला आता अंगात जोर नव्हता.

"न्हाई गं, मंजुळे. भूकच न्हाई. बस जरा आशीच."