टेलपर्यंत, पाण्याच्या चालीनं

तमाम नातेवाईक, शेजारी, हितचिंतक आणि रस्त्यात गाडी थांबवून विचारपूस करणारे सज्जन यांना अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, माझी स्कूटी बिघडलेली नाही. माझ्या घरी भांडण झालेले नाही. नवऱ्याचा धंदा बसलेला नाही, मला शुगर निघालेली नाही आणि डॉक्टरांनी काहीही सांगितलेले नाही. वय वर्षे त्रेपन्न, मी सायकल चालवते, कारण मला सायकल चालवायला आवडते. या निवेदनानंतरही कुणी माझी सायकल टेम्पोत टाकून मला घरी पोचवण्याचा प्रयत्न केल्यास होणाऱ्या परिणामांस तो स्वतः जबाबदार राहील.

हे असं लिहून द्यावं लागतं, कारण आमच्या भागात माणसं फार चांगली आहेत. ओळखीची बाई घाम पुसत पायडल मारताना दिसली की त्यांना राहवत नाही. शिरड शहापूरच्या चहावाल्यानं तर एकदा मला पैसे देऊच दिले नाहीत. म्हणाला, राहू द्या ताई, दिवस बदलतेत. मी दोन कप प्याले आणि दिवस बदलण्याची वाट बघत बसले.

सायकल माझ्या मुलीची. तिला आठवीत शाळेतून मिळालेली, निळी, पुढे जाळीची टोपली. मुलगी शिकून पुण्याला गेली, सायकल न्हाणीच्या मागे गंजत पडली होती. तीन वर्षांपूर्वी मी तिला तेलपाणी केलं आणि दर गुरुवारी, माझं फॉल-पिकोचं दुकान बंद असतं तेव्हा, कालव्याच्या भरावावरून फिरायला लागले. भराव म्हणजे कालव्याच्या कडेची मातीची उंच वाट. आमचा मुलूख सपाट, त्यामुळे त्या वाटेवर हातभर उंचीवरूनही राजा असल्यासारखं वाटतं. एका बाजूला हळद, गहू, ऊस. दुसऱ्या बाजूला पाणी. मधूनमधून जुन्या दगडी मोऱ्या, घडीव, सांध्यात गवत उगवलेल्या. एके ठिकाणी साहेब लोकांसाठी बांधलेला बंगला आहे, त्याच्या व्हरांड्यात आता मेंढ्या बसतात आणि साहेबांपेक्षा जास्त ऐटीत बसतात. मला कुठेही पोचायचं नसतं. नवरा विचारतो, आज कुठंवर? मी म्हणते, कंटाळा येईपर्यंत. तो अजून आलेला नाही.

तर, माझी आत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. राहते चारीच्या टेलला. मोठ्या कालव्यातून शेतांकडे जो लहान कालवा फुटतो ती चारी, आणि ती जिथं संपते ते टेल. पाणी सोडलं की वरचे लोक आधी घेतात, मग मधले, मग मधल्यांचे मेहुणे. टेलला पोचतो तो निरोप, की यंदा पाणी कमी होतं.

ही चारी मोठ्या दुष्काळात खणली. नवीन लग्न झालेली आत्या त्या कामावर होती. स्वतःच्या सासऱ्याच्या शेतातून चारी गेली आणि तिची माती हिनंच डोक्यावरून वाहिली. सुरुवातीची काही वर्षं पाणी यायचं. तिच्या धाकट्या लेकाच्या बारशाला आलं ते शेवटचं. तो लेक, म्हणजे माझा आतेभाऊ, आता अडतीस वर्षांचा आहे आणि त्यानं चारीत पाणी पाहिलेलं नाही. त्यानं पाहिलं ते काय? गावानं चारीत शेळ्या बांधल्या, मिरच्या वाळवल्या, पोरांनी क्रिकेटचं मैदान केलं. आत्या मात्र काठी घेऊन सगळ्यांना हाकलायची. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "चारी हाय ही, उकिरडा न्हाई." दर दिवाळीला ती आपल्या शेतातल्या चारीचे काठ लिंपून घ्यायची. गाव हसायचं. तिनं गावाला कधी भाव दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात आतेभावानं ठरवलं की बास झालं. चार हात रुंद पट्टा शेताच्या मधोमध फुकट पडून आहे, जेसीबी बोलवून बुजवून टाकू, दोन तासांचं काम. पोरगा वाईट नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, फक्त आत्यासमोर नाही. मायलेकांत चार दिवस अबोला झाला, मग तह झाला: या पाळीला पाणी टेलला आलं तर चारी राहील, नाही आलं तर दुसऱ्या दिवशी जेसीबी. पाळी म्हणजे धरणातून पाणी सोडण्याचा ठरलेला फेरा.

आणि आत्याचा मला फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही, तब्येत नाही. "तू नाहीतरी कॅनलच्या कडंनं रिकामी फिरून राहिलीस गुरुवारी. या बारीला पाण्याबरोबर ये."

मी विचारलं, पाण्याबरोबर म्हणजे? तर म्हणाली, पाणी एकटं निघालं की वाटेत लुटतात. सोबत कुणी असलं की पोचतं. लेकीला सासरी धाडताना सोबत देतो की नाही आपण?

सकाळी सातला मी चारीच्या गेटवर हजर. टोपलीत डबा, हवेचा पंप, पंक्चरचं सामान. गेट फिरवणारा माणूस मफलर गुंडाळून आला, त्यानं चाक फिरवलं, आणि कोरड्या चारीत पाणी शिरलं.

तुम्ही वाहतं पाणी पुष्कळ पाहिलं असेल. पाण्याचं तोंड पाहिलंय का? म्हणजे अगदी पहिलं पाणी, ज्याच्या पुढे कोरडी जमीन असते? ते पाण्यासारखं दिसतच नाही. तपकिरी फेस, वाळका पाला, गुटख्याच्या पुड्या, काड्या असा एक गाळाचा कचरा हळूहळू सरपटत पुढे येतो. भेगांमध्ये थांबतो, भेगा पितात, पितात, मग पुढे सरकतो. त्याच्या पुढे किडे पळतात आणि किड्यांच्या मागे बगळे, लग्नातल्या मानकऱ्यांसारखे पावलं मोजत. त्या दिवशी सगळ्यात पुढे एक चप्पल होती. गुलाबी, प्लॅस्टिकची, डाव्या पायाची. गेटपाशी कुठून तरी आली आणि तिनं वरातीचं पुढारपण घेतलं.

पाण्याची चाल माणसाहून कमी. सायकल तेवढी हळू चालत नाही, पडते. म्हणून मी अर्धा फर्लांग पुढे जायची, बाभळीखाली पाय सोडून बसायची, चप्पल वळणावर दिसली की उठायची. याहून सुखाचा प्रवास मी केलेला नाही.

आणि मग एक गंमत माझ्या लक्षात आली. पाण्यात पाइप टाकून बसलेले लोक मला पाहून पाइप ओढून घेत होते. एक जण तर पाइपावर बसला आणि मला म्हणाला, नमस्कार मॅडम. आधी कळेना. मग आठवलं, पूर्वी चारीवर पाणी वाटणारा पाटकरी सायकलवरूनच यायचा. तो गेल्याला जमाना झाला, पण भरावावरून सायकल हळू येतेय, वरचं माणूस पाण्याकडे निरखून बघतंय, म्हणजे सरकारी काम, हे इथल्या हाडात बसलेलं. मौजेखातर कुणी पाणी बघत फिरेल हे त्यांना पटण्यासारखंच नव्हतं. मी खोटं एक अक्षर बोलले नाही. मी फक्त थांबायची, पाण्याकडे बघायची, "हं" म्हणायची आणि निघायची. त्या "हं" मध्ये मी जीव ओतला होता.

दहाच्या सुमाराला बाभळीचा काटा लागला आणि मागचं चाक बसलं. मी टायर काढून ट्यूब शोधते आहे तोवर वरात माझ्या शेजारून पुढे गेली. चप्पल, फेस, बगळे, सगळे. मी चिकटवते आहे आणि माझं माहेरचं माणूस मला सोडून चाललंय. वीस मिनिटं. मी पुन्हा गाठेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

चारीत आडवी पोती. मातीनं भरलेली सात-आठ पोती रचून बांध घातलेला, आणि सगळं पाणी वळून उसात चाललेलं. बांधाच्या अलीकडे चप्पल गोल गोल फिरत होती. काठावर उसाचा मालक उभा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. थोड्या अंतरावर हरभरा खुरपणाऱ्या बाया.

इथं माझं "हं" चाललं नाही. त्यानं सरळ विचारलं, तुम्ही खात्यातल्या का? मी म्हटलं, नाही, मी टेलच्या बाईची भाची. झालं, सत्ता गेली. तो हसला आणि समजुतीनं, लहान लेकराला सांगावं तसं बोलला.

"तिकडं कवाच जात नसतं पाणी, ताई."

"जात नसतं, तर पोती काहून लावलीत?" मी म्हटलं. "असंही जात न्हाई म्हणता. मग बघू द्या की मला, कसं जात न्हाई ते."

खुरपणाऱ्या बायांची खुरपी थांबली. मी सायकल बांधावर आडवी लावली, पोत्यांवर बैठक मारली आणि डबा उघडला. भाकरी, ठेचा, दही. मला भूक होती, पण तेवढी नव्हती. मी एकेक घास असा चावला की दवाखान्यातल्या डॉक्टरला समाधान वाटलं असतं. तो म्हणाला, असं बसून काय होणार? मी म्हटलं, पचन चांगलं होतं. तो म्हणाला, माझा ऊस वाळतोय. ऊस माझ्यापेक्षा ताजातवाना दिसत होता आणि मी तसं बोलून दाखवलं. बाया पदरात हसायला लागल्या. त्यानं फोन लावला, कुणी उचलला नाही. मी दह्याचं झाकण उघडलं. मनात मात्र हिशेब चालू होता. पाणी उसात जात होतं, प्रत्येक घासाबरोबर आत्याच्या वाट्याचं पाणी जात होतं, आणि पोती उचलायची म्हटली तर माझ्या एकटीच्यानं एकही हलणार नव्हतं.

त्या बायांमध्ये एक जण खुरपायला नव्हती, जेवण घेऊन आलेली होती. मालकाची बायको. डोक्यावरची पाटी तिनं खाली ठेवली, पदर खोचला आणि मला विचारलं, टेलला कुणाची भाची. मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे लिंपणवाल्या मावशीची. मग नवऱ्याकडे न बघता चारीत उतरली आणि वरचं पोतं ओढायला लागली.

नवरा म्हणाला, काय करून राहिली तू?

"टेलचीच लेक हाय मी, माझ्या माहेरचं पाणी हाय ते," ती म्हणाली. "वीस वर्षं मी तुमच्या उसाला बघून राहिले. आता तुमी बगा."

दोन बाया खुरपं टाकून तिच्या मदतीला आल्या. मी डबा बंद केला, कारण असल्या वेळी चावत बसणं बरं दिसत नाही, आणि मीही उतरले. चौघींनी मिळून चार पोती हलवली. मालक काठावरून म्हणत राहिला की तो नाहीतरी दुपारी सोडणारच होता. बायको म्हणाली, व्हय, सोडणारच होते. पाण्यानं एक उसळी घेतली, चप्पल बांधावरून उडी मारून पलीकडे गेली, आणि आम्ही चिखलात उभ्या राहून तिला टाळ्या वाजवल्या.

पुढची वाट साधी होती. फक्त लांब. जमीन तहानलेली, भेगा खोल, दुपारी पाणी इतकं सावकाश झालं की बगळेसुद्धा कंटाळून उडाले. एके ठिकाणी ते तळहाताएवढं रुंद राहिलं आणि मला वाटलं, संपलं. मी सायकल हातात धरून शेजारून चालले. माणसाला चालताना धीर द्यावा तसं त्याच्याशी बोललेसुद्धा. कुणी ऐकलं असेल तर माझ्या जाहीर निवेदनात अजून एक ओळ वाढवावी लागेल.

दिवस मावळायच्या आधी गाव दिसलं. चारीच्या काठावर अर्धं गाव उभं. कुणी फोन करून सांगितलं होतं की बाई पाण्याबरोबर येऊन राहिली. गाव पाणी बघायला नव्हतं आलं, पाणी कसं येत नाही ते बघायला आलं होतं. आतेभाऊ हाताची घडी घालून उभा, खिशात जेसीबीवाल्याचा नंबर. त्यानं मला सायकल धरून येताना पाहिलं, माझ्या गुडघ्यापर्यंतचा चिखल पाहिला, आणि विचारलं, वाटेत पडलीस का गं अक्का?

आणि आत्या. सकाळी तिनं गावभर सांगितलं होतं, चारी रिकामी करा, शेळ्या सोडा, मिरच्या उचला. लोकांनी हसत हसत उचलल्या होत्या. आता ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, हातात हळदकुंकवाचं ताट घेऊन, आपल्या शेतातल्या लिंपलेल्या काठावर एकटी उभी होती. ताठ. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती वळणाकडे बघत होती.

वळणावर आधी चप्पल आली. कुणीतरी फिसकन हसलं. मग चप्पलच्या मागून फेस आला, पाला आला आणि त्याच्या मागून, मावळतीच्या उजेडात चकाकत, आलं ते खरंच पाणी होतं. आतेभावानं हाताची घडी सोडली. तो पुढे झाला, वाकला आणि एक बोट पाण्यात बुडवून त्यानं ते निरखून पाहिलं. अडतीस वर्षांचा बाप्या.

आत्यानं ताट उचललं. कुंकवाची चिमूट घेतली. हात पुढे केला आणि तसाच राहिला. तिची नजर पाण्यापुढे, चारीच्या शेवटच्या टोकाला, कडब्याच्या गंजीआड गेली होती. मीही तिकडे पाहिलं. तिथं चारीच्या कोरड्या, स्वच्छ, दर दिवाळीला लिंपलेल्या पोटात, ओळीनं, शिस्तीनं, दीडदोनशे गवऱ्या वाळत मांडलेल्या होत्या. तिच्या स्वतःच्या.

ताट तिनं लेकाच्या हातात कोंबलं, लुगडं गुडघ्यावर घेतलं, चारीत उडी मारली आणि इतक्या वर्षांनी आलेल्या पाण्याकडे वळून ओरडली, "अगं थांब की जरा, गवऱ्या तरी उचलू दे माझ्या!"