सकाळी आठचं लग्न

माझी मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या वॉर्डात उन्हानं पडलेली माणसं येत होती. घरी आल्यावर ती त्याबद्दल फारसं बोलायची नाही. पाणी प्यायची आणि म्हणायची, "आई, तू दुपारी बाहेर नको निघत जाऊ." यंदा तिचं लग्न जमलं आणि मुलाकडची मंडळी तारीख काढायला आर्णीला आमच्या घरी आली, तेव्हा ती काहीतरी बोलणार हे मला ठाऊक होतं. एवढं बोलेल असं मात्र वाटलं नव्हतं.

मुलाचे वडील नेरजवळच्या एका गावचे. घरी कपाशी-तुरीची शेती, आणि बाहेर पक्षाचं काम. आवाज मोठा, मन मोकळं. मे महिन्यातली तारीख दोन्हीकडून पटकन पटली, कारण तेव्हा शेतात काम नसतं आणि माझ्या शाळेला सुट्टी असते. मग ते म्हणाले, "वेळ आपली नेहमीचीच. दुपारी साडेबारा."

आम्ही बौद्ध. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. तरी पत्रिकेवर साडेबाराच छापायचं आणि लग्न अडीचला लावायचं, ही सवय सगळ्यांना लागली आहे.

मुलगी चहा देऊन तिथंच बसली. म्हणाली, "काका, लग्न सकाळी आठला ठेवलं तर?"

ते हसले. "आठले? आठले आमच्या गावचे लोक दात घासत असतात."

"दुपारी म्हातारी माणसं, लेकरं मंडपात तासन्‌तास बसून राहतात. ऊन आता पहिल्यासारखं राहिलं नाही."

"हे हवामान बदल का काय म्हणतात ना पोरी, ते सारं मोठ्या लोकायचं राजकारण हाय. धूर केला त्यायनं, इमानं उडवली त्यायनं, अन् एसीत बसून आपल्याले सांगतात, तुमी असं करा, तसं करा. आमी कायले आयकावं? अन् वऱ्हाडातल्या माणसाले उन्हाचं भेव दाखवतं का? माणूस कशालेही जुळवून घेते."

त्यांचं निम्मं बोलणं मला पटत होतं. पण मुलगी थांबली नाही.

"धूर कोणी केला ते तुम्ही खरंच सांगता, काका. पण आमच्या वॉर्डात येतात ते एसीतले लोक नसतात. बांधकामावरचे असतात, शेतातले असतात. आणि माणूस जुळवून घेतो म्हणता, तर वेळ बदलणं हेही जुळवून घेणंच झालं ना? अंग किती सोसेल, त्याला हद्द आहे. घड्याळाचा काटा मागं करायला काय लागतं?"

माझा भाऊ पंख्याकडे पाहत बसला. मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "आमचे पक्षाचे साहेब बाराच्या आत कुठं येत नाई. त्यायले शब्द देला हाय मी. पाहतो, घरी इचारतो." स्वयंपाक तयार होता, तरी ते न जेवता उठले.

ते गेल्यावर मी तिच्यावर चिडले. तिचे वडील नाहीत, सगळं मलाच निभवायचं. "एका वेळेपायी सोयरीक मोडली म्हणजे?"

"मोडणार नाही," ती म्हणाली. पण तिलाही तशी खात्री नव्हती. मुलगा तिच्या बाजूनं होता, फक्त बापापुढं बोलणारा नव्हता.

त्यानंतर त्यांच्याकडून फोन नाही, निरोप नाही. शाळेत मी एकच धडा एकाच वर्गाला दुसऱ्यांदा शिकवायला घेतला, तेव्हा मुलींनीच मला थांबवलं. वाद झाला तो आभाळातल्या उन्हावरून, आणि तुटणार होतं माझ्या घरातलं, याचं मला हसू यावं की रडू ते कळत नव्हतं.

मग एका सकाळी ते एकटेच मोटरसायकलवर आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. ओसरीत बसले, पाणी प्यायले आणि मुलीला बोलावून घेतलं.

"पांढरकवड्याले गेलतो, साहेबासंगं, लग्नाले. भर दुपारी वरात चालली होती. बँडमधला एक माणूस माह्यापुढंच खाली बसला. मले वाटलं, नाचून राह्यला. हात लावून पाहतो तं अंग तव्यासारखं, अन् घामाचा टिपूस नाई. आमी त्याले सावलीत नेलं, पाणी ओतलं, दवाखान्यात पोचवलं. वाचला तो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब गाडीतून उतरले बी नाई. मॅडम, आठच छापा. राजकारण हायच, ते मी सोडत नाई. पण आठच."

त्या दिवशी ते जेवून गेले. मी त्यांना आग्रह करकरून वाढलं.

लग्नाच्या सकाळी पावणेआठला आर्णीच्या मंडपात आम्ही घरचे, आचारी आणि भंतेजी, एवढेच होतो. प्रतिमांपुढच्या मेणबत्त्या अजून लावायच्या होत्या. आठ वाजले. नवरदेवाकडचा एकही माणूस दिसेना. भाऊ फोन लावत होता, तो लागत नव्हता. नवरीच्या पांढऱ्या साडीत मुलगी खुर्चीवर ताठ बसली होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती.

सव्वाआठला रस्त्यावर हॉर्न वाजले. एकामागून एक गाड्या वळल्या. सगळ्यात आधी व्याही उतरले, केस विस्कटलेले, आवाज बसलेला. "दारोदार जाऊन गाव उठवलं. इरोधी गटाचे बी आले. म्हणे, हा सुनेच्या तालावर नाचते. म्हटलं, नाचतो, चाला तुमी."

त्रिशरण-पंचशील झालं, मंगल गाथा झाल्या. मंडपात वारं खेळत होतं. म्हाताऱ्या बाया सावकाश जेवल्या, वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली. अकराच्या आत पाठवणी झाली. साहेब आले तेव्हा मंडपवाले कापड सोडत होते. भावानं त्यांना घरात बसवून बुंदी दिली.

दुपारी एकेकाचे फोन आले, पोचलो, बरे आहोत. शेवटी मुलीचा आला. ती हळू आवाजात बोलत होती.

"आई, इथं सगळे झोपलेत. मामाजी तर घोरताहेत." कालपर्यंतचे काका, सासरे झाल्यावर आता तिचे मामाजी झाले होते.

मी कूलर लावला आणि लग्नातल्या साडीतच फरशीवर आडवी झाले.