परतीचा रूळ

लोक आता बंद पडलेल्या लाइनीवर हवा खायला जातात. शाळेतल्या एका बाईंनी मला मोबाइलवर नकाशाच पाठवला. अचलपूरच्या छोट्या गाडीची जुनी लाइन, कुठून कुठवर पायी फिरता येतं, डबा कुठं खायचा, सगळं त्यात. पाहून डोकंच फिरलं. त्याच तुकड्यावर माझ्या बापानं टाचा घासल्या, आणि त्याच तुकड्यापायी माझी माय त्याला न भेटता गेली.

बाबा चावीवाले होते. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या रोज पायी तपासायच्या, ढिली दिसली की हातोड्यानं ठोकायची. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्या. परतीचा रूळ पाहिल्याशिवाय काम पुरं होत नाही, असा नेम. मी नववीत होते. मायच्या छातीत कळ आली. शेजारच्या काकानं सायकल दामटत बाबांना पार टोकाला गाठलं, मागं बसा म्हणाला. बाबा बसले नाहीत. गाडी यायची होती. ते दुसरा रूळ ठोकत ठोकत पायीच आले. तोवर मायला भुईवर घेतलं होतं.

चाळीस वर्षं झाली. त्यांचं औषधपाणी, चष्मा, दाढीचं पातं, सगळं मीच पाहते. पण एकदा तरी या माणसानं 'चुकलं' म्हणावं, म्हणून मी टपून बसले होते. म्हटलं, तिथंच नेऊन विचारते. पाहू कसे गप्प राहतात.

लाइनीवर जाऊ म्हटलं तर गडी खूश. ती पुन्हा सुरू होणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. परतवाड्याहून जीपनं गेलो. उतरल्याबरोबर पिशवीतून हातोडा काढला आणि वाकून चालायला लागले. वेड्या बाभळी अंगावर येत होत्या. चाव्या बहुतेक जागी नव्हत्याच, भंगारात गेल्या असतील. जी सापडेल ती ठोकायचे. मला चीड येत होती आणि रडूही. कोणासाठी ठोकून राहिले बाबा, असं ओठावर आलं होतं.

तासाभरानं रूळच संपले. कापून नेलेले. पुढं भराव फोडून कोणीतरी मातीही नेली होती, खड्ड्यात हिरवं पाणी साचलं होतं. बाबा काठावर उभे राहिले. मग हातोडा पिशवीत टाकला. शेजारच्या सडकेवर परतवाड्याची जीप येताना दिसली, तर त्यांनीच हात केला.

मला काही समजेना.

"बाबा, परतीचा रूळ पाहाचा राह्यला नं?"

"काय पायचं आता त्याले," ते म्हणाले. "तवाच सायकलवर बसून आलो असतो तं तुह्या मायची भेट झाली असती. चुकलंच माह्यं."

हेच ऐकायचं होतं न मला? पण ते हट्टानं गप्प होते तोवर माय निदान कशापायी तरी एकटी गेली होती. त्या दिवशी गाडी बायाबापड्या, लेकरंबाळं घेऊन सुखरूप गेली होती, एवढं तरी होतं. आता तेही हातचं गेलं. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांचीच बाजू घेऊन त्यांच्याशी भांडू लागले.

"असं कसं म्हनता? गाडी येऊन राहिली होती. तुमी बरोबर केलं, बाबा. बरोबरच केलं तुमी."

जीपवाला हॉर्न वाजवत होता. बाबांनी दंड हळूच सोडवून घेतला.

"चाल बाई, तो थांबून राह्यला," म्हणाले, आणि माझ्याआधी चढून बसले.