लिंबांच्या पुढे गेलेली गाडी

आमची गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडत होती, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या मेहताभाभी गॅलरीतून ओरडल्या, "अरे, आज कुठे? दसरा तर उद्या आहे ना! लिंबू कुठाय?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत ही गाडी वर्षातून एकदाच हलते. दसऱ्याला माझा नवरा सुहास तिचं कव्हर काढतो, तिला आंघोळ घालतो, झेंडूचा हार चढवतो, चाकांखाली लिंबं ठेवतो आणि हातभर पुढे घेतो. लिंबं चिरडली की गाडी मागे, कव्हर वर आणि आम्ही श्रीखंड खायला घरात.

गाडी मात्र साधीसुधी नाही. डोंगरातल्या मातीच्या शर्यतींत पळण्यासाठी सुहासने तरुणपणी ती स्वतःच्या हातांनी बांधली. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, दोनच सीटा, दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे आणि पोटाखाली जाडजूड पत्रा. मोजक्या शर्यती ती पळाली. मग आमची मुक्ता झाली, मग सुहासची कंबर धरली, मग सुटे भाग मिळेनासे झाले. "एक भाग मोडला तर आणायचा कुठून?" हे सुहासचं पालुपद झालं आणि गाडी लिंबांवर आली.

यंदा सोसायटी पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या घरात हिला जागा नाही. अशात सांताक्रूझचे एक गृहस्थ आले. त्यांना जुन्या गाड्या जमवण्याचा नाद. "वहिनी, काचेच्या हॉलमध्ये ठेवीन. धूळसुद्धा बसणार नाही," असं म्हणाले. अट एकच, गाडी आहे तशी हवी, ओरखडा नको. दसऱ्याच्या मुहूर्तावर न्यायला येणार होते. "सुखात राहील," असं सुहास चारचौघांत सांगू लागला, पण रात्री जेवताना त्याची भाकरी तशीच उरायची.

मुक्ताचं मत वेगळं होतं. ती मैत्रिणीच्या गाडीवर मातीत चालवायला शिकलीय. तिने परस्पर पनवेलच्या पुढे होणाऱ्या एका शर्यतीत आपल्या गाडीचं नाव घातलं आणि मग घरी सांगितलं. बापाला म्हणाली, "बाबा, तू ती धुळीसाठी बांधलीस आणि आता धूळ नाही म्हणून विकतोयस. जायच्या आधी एकदा तरी पळू दे ना तिला."

शर्यत नेमकी खंडेनवमीची. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते आणि पूजेच्या हत्याराला काम सांगत नाहीत. सुहासने सकाळीच पाने, पक्कड, हातोडी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. "आज गाडी बाहेर काढणं बरं नाही," तो म्हणाला. मुक्ता हेल्मेट मांडीवर घेऊन बसली. शेवटी सुहास कबूल झाला. मात्र चालवणार तो, तेही पहिल्या गिअरात.

तो आणि मी शर्यतीच्या गाडीत, मागून मुक्ता आमच्या रोजच्या छोट्या गाडीत जादा टायर आणि डबे घेऊन, असे निघालो. जोगेश्वरीहून पवईकडे वळलो आणि रस्ता खणलेला लागला. इतर गाड्या म्हशींसारख्या चिखल चाचपत होत्या. आमची मात्र खड्ड्यांवरून पाट सरकावा तशी अलगद जात होती. मी थक्क झाले. इतकी वर्षं मला वाटायचं की ही नाजूक आहे. सुहास तरीही प्रत्येक खड्ड्याला ब्रेक मारत होता आणि मागचे हॉर्न खात होता.

मुलुंडला मिसळ खायला थांबलो. बाहेर येऊन बघतो तर गाडीभोवती ही गर्दी! एका रिक्षावाल्याने खिडकीतून डोकावत विचारलं, "काका, झकास आहे. पण किती देते?"

"पेट्रोल किती पिते ते विचार," सुहास म्हणाला. "द्यायचं अजून तिच्या मनात आलेलं नाही."

"मग ठेवलीय कशाला?"

सुहासने इंजिन सुरू केलं. ऐरोलीच्या पुलावर खाडीचा वारा आत येत होता. मी चिक्की पुढे केली, ती त्याने घेतली नाही.

मैदान एका डोंगराच्या पायथ्याशी होतं. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, पण पाऊस नुकताच संपलेला, त्यामुळे सखल भागात अजून चिखल होता आणि उतारावर पिवळी सोनकी फुललेली. एका वेळी एक गाडी सोडत होते, प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या. आमच्या शेजारी घाटकोपरच्या एक दाताच्या डॉक्टर होत्या, साठीच्या आसपासच्या, नऊवारीत शोभल्या असत्या अशा ठसठशीत. त्या स्वतःच्या गाडीचं चाक आवळत होत्या. आमची गाडी बघून उठल्या आणि तिच्या टपावरून हात फिरवला. "कोणी बांधली?" त्यांनी विचारलं. सुहासने स्वतःकडे बोट दाखवलं. "सुंदर. पण एवढी स्वच्छ का हो?"

पहिली फेरी सुहासची. शेजारी मी, पट्ट्यांत आवळलेली. खरं सांगते, आमच्या लग्नाची वरात याहून वेगात गेली होती. तो दगड चुकवी, चिखलाला वळसा घाली. एका वळणावर निशाण धरलेला माणूस चक्क खाली बसला. परत आलो तर कोणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. सुहास उतरला, किल्ली हातात धरून उभा राहिला. मग त्याने ती मुक्तापुढे धरली. "पट्टा घट्ट बांध," एवढंच म्हणाला.

"आई, बसतेस?" मुक्ताने विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बसले.

पुढचं मला सलग आठवत नाही. इंजिनाचा आवाज दसऱ्याला ऐकते तो नव्हताच. पहिल्या वळणावर गाडी आडवी झाली, मला वाटलं, वाट लागली. पण मुक्ताचे हात शांत होते. तिने जरा उलटं वळवलं, गाडी सरळ झाली आणि चिखल काचेवर फडाफड आपटला. चढावर चारही चाकं जमिनीवरून सुटली. माझ्या तोंडून आवाज निघाला, तो भीतीचा नव्हता हे मला नंतर कळलं. मग खाडकन काहीतरी आपटलं, डाव्या बाजूचा पत्रा दगडाला घासला आणि शेवटचा टप्पा आम्ही काहीतरी फरफटत पार केला.

थांबलो तर पुढचा मडगार्ड चेपलेला, पोटाखालचा पत्रा एका बाजूने लोंबत होता. सुहास धावत येताना दिसला, कंबर विसरून. मुक्ताने हेल्मेट काढलं. "बाबा, सॉरी," ती म्हणाली.

सुहास गाडीला वळसा घालून तिच्यापुढे आला. तो मालवणीत शिरतो ते फार चिडल्यावर, नाहीतर फार आनंद झाल्यावर. "दुसऱ्या वळणार ब्रेक कित्याक (कशाला) मारलंस गो?" तो ओरडला. "गाडी जाय होती ना! जाऊक देवची!" आणि तो हसायला लागला. डोळे पुसत हसत राहिला. मुक्ता त्याच्या गळ्यात पडली. मला त्या दोघांचा आणि चिखलाने माखलेल्या त्या गाडीचा इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी माणसाला मी सांगून टाकलं, "माझी मुलगी आहे. आणि गाडी माझ्या नवऱ्याने बांधलीय."

पत्रा बसवल्याशिवाय घरी जाता येणार नव्हतं. सुहासने छोट्या गाडीची डिकी उघडली आणि कपाळावर हात मारला. पाने बोरीवलीत पाटावर, हळदकुंकू लावून. शर्यतीला निघालेला आणि पाने देवाला ठेवून आलेला माणूस पृथ्वीवर आमच्याच घरात असेल.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी आपला पाना दिला. त्यावरही कुंकू होतं, घामाने ओघळलेलं. सुहास तो हातात धरून बघत राहिला. "तुम्ही पूजा केलीत? आणि आज वापरताय?"

"मग?" त्या म्हणाल्या. "पूजा केली तर त्याने काम करायचं. नुसता बसवला तर गंजेल की!"

सुहास मातीत उताणा झोपला आणि गाडीखाली शिरला. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. मी डॉक्टरांना आमच्या जागेची अडचण सांगितली. त्यांनी जरासुद्धा विचार केला नाही. "माझा गाळा आहे, माझ्या गाडीशेजारी उभी करा. फक्त चालवत राहा," त्या म्हणाल्या.

परतीला शर्यतीची गाडी मुक्ताने चालवली, बाप तिच्या शेजारी बसला आणि मी मागून छोटी गाडी चालवली. रस्ताभर मला पुढच्या काचेतून त्या दोघांचे हात दिसत होते. वळणं दाखवणारे, भांडणारे हात. पवईच्या खणलेल्या रस्त्यावर सुहासने एकदाही ब्रेक मारायला लावला नसावा, कारण मी मागे पडले.

दसऱ्याला सकाळी सांताक्रूझचे गृहस्थ आले. गाडी चिखलाने माखलेली, मडगार्ड चेपलेला आणि वरून झेंडूचा ताजा हार. खाली लिंबं नव्हती. मेहताभाभींनी विचारलं तेव्हा सुहास म्हणाला होता, "काल तिने डोंगर चिरडलाय, लिंबांचं काय घेऊन बसलात."

गृहस्थ पार खचले. "अहो, हे काय केलंत? हे कसं झालं?"

"चालवली," सुहास म्हणाला. त्याने त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, पेढा दिला, गाडी द्यायची नाही म्हणून माफीही मागितली. ते गेल्यावर तो वर आला, पाटावरचे पाने जसेच्या तसे, हळदकुंकवासकट, उचलले आणि खाली जाऊन मडगार्ड खोलायला बसला.

थोड्या वेळाने त्याची हाक आली, "अगं, ये ना खाली, हे जरा धर." मी श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून उतरले. कव्हर तेवढं मेहताभाभींनी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी मागून नेलं.